ठशाची साक्ष

(१)

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत माझा भाचा आमच्या घरीं राहावयास आला होता. त्याला व त्याच्या चार मित्रांना ‘माइनक्राफ्ट’ नांवाचा खेळ एकत्र खेळावयाचा होता. मित्र निरनिराळ्या गांवीं राहणारे. तेव्हां सर्वांना आपापल्या घरून ज्याच्याशीं जोडून घेतां येईल असा एक संगणक अष्टौप्रहर चालू ठेवणें जरूर होतें. अशा यजमान संगणकास सर्व्हर म्हणतात. माझ्या अभ्यासिकेंतील जुना संगणक त्यानें या कामासाठीं मागून घेतला, आणि लागणारा प्रोग्राम एका संकेतस्थळावरून उतरवून घेतला. त्या पानावर प्रोग्रामच्या नांवाखालीं बारीक टाइपांत अंक व रोमन अक्षरें मिळून चौसष्ट चिन्हांची एक निरर्थक दिसणारी ओळ होती. “ही ओळ कशासाठीं रे?” असें मीं विचारलें. “मामा, फाईल बरोबर आली कीं नाहीं तें पाहण्यासाठीं असते ती. पण ती कुणी पाहत नाहीं,” असें म्हणून त्यानें प्रोग्राम सुरूहि केला.

त्याच संगणकावर आमच्या घरचे बँकेचे व्यवहार होतात, आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या गुणांच्या याद्याहि तेथेंच आहेत. परंतु मला अधिक झोंबले ते ‘कुणी पाहत नाहीं’ हे शब्द. कागद अस्सल आहे कीं नक्कल, मधें कोणाचा हात फिरला आहे कीं काय, हें पाहिल्यावांचून त्याच्या आधारें एक वाक्यहि लिहूं नये, हा इतिहासाच्या अभ्यासकाचा पहिला धडा. मग ज्या कागदाच्या आज्ञेनें घरांतील यंत्र हालतें, त्याच्या अस्सलपणाविषयीं आपण इतके बेफिकीर कां असावें? या विचारानें मीं त्या चौसष्ट चिन्हांचा पूर्वेतिहास धुंडाळूं लागलों. तो पाऊणशे वर्षांचा आहे, आणि त्यांतील गणितापेक्षांहि त्यांतील माणसें मला अधिक बोधप्रद वाटलीं.

(२)

पाठविलेली वस्तु वाटेंत बदलली नाहीं हें कशावरून ओळखावें, हा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे. वेदपाठकांनीं संहितेच्या जोडीला पद, क्रम, जटा, घन असे पाठ सांभाळले. एकच मंत्र अनेक रीतींनीं म्हणावयाचा असल्यामुळें एका पाठांतील चूक दुसऱ्यांत उघडी पडे. मराठी राजपत्रांत आरंभीं शिक्का व शेवटीं मोर्तब असे. मोर्तबानें पत्राची सीमा ठरे, आणि तिच्याखालीं मागाहून कोणी ओळ घुसडल्यास ती परकी म्हणून ओळखूं येई. या दोन उपायांचा रोख मात्र निराळा आहे. घनपाठ विसराळूपणाविरुद्ध आहे; मोर्तब लबाडीविरुद्ध आहे.

संगणकाच्या इतिहासांतहि हे दोन प्रवाह आहेत, आणि आरंभ विसराळूपणापासूनच झाला. १९४७ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत रिचर्ड हॅमिंग हे गणिती विद्युत्-रिलेंवर चालणारें एक गणकयंत्र वापरीत असत. शनिवारीं व रविवारीं यंत्रावर देखरेख करणारा कोणी नसे. यंत्राला स्वतःची चूक आढळली कीं तें हातचें काम टाकून पुढील कामाकडे वळे. सोमवारीं हॅमिंग येऊन पाहतात तों उत्तर तयार नाहीं! चूक झाली एवढें यंत्राला कळतें, तर ती कोठें झाली हें कां कळूं नये, असें त्यांनीं चिडून स्वतःस विचारलें. आणि त्या चिडीचें फळ म्हणजे १९५० सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा चुका ओळखून त्या दुरुस्त करणाऱ्या संकेतांवरील निबंध. मूळ आंकड्यांबरोबर, त्यांच्यावरूनच काढलेले कांहीं जादा आंकडे पाठवावयाचे. पोंचल्यावर ते पुन्हां काढून पाहावयाचे. जुळले नाहींत तर वाटेंत कांहीं बिघडलें असें समजावयाचें.

या युक्तीचें एक भावंड आज आपल्या प्रत्येकाच्या खिशांत आहे. आधार क्रमांकाचा बारावा आंकडा हा पहिल्या अकरा आंकड्यांवरून काढलेला असतो. त्यामागील रीत याकोबस व्हर्हूफ या डच गणित्यानें १९६९ सालीं मांडली. लिहितांना एक आंकडा चुकला, किंवा शेजारचे दोन आंकडे उलटसुलट झाले, तर शेवटचा आंकडा जुळत नाहीं. परंतु हीच रीत लबाडापुढें अगदीं दुबळी ठरते. ज्याला ती ठाऊक आहे तो कोणतेहि अकरा आंकडे घेऊन त्यांना शोभेल असा बारावा क्षणांत तयार करील. चुकीला हेतु नसतो, लबाडीला असतो. म्हणून चुकीसाठीं बांधलेला बांध लबाडी ओलांडून जाते.

(३)

लबाडीविरुद्धचा उपाय १९७६ सालीं दृष्टिपथांत आला. त्या वर्षीं व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन या दोघांनीं गुप्तलेखनशास्त्राच्या नव्या दिशांविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. करावयास सोपी पण उलटवावयास जवळजवळ अशक्य अशी गणिती क्रिया हा त्याचा पाया होता. जात्यांत जोंधळे घातले कीं पीठ निघतें. त्या पिठावरून मूळचे दाणे पुन्हां जुळवितां येत नाहींत. मात्र हें जातें विलक्षण आहे. त्यांत एक ओळ घाला वा शंभर ग्रंथ घाला, पीठ नेहमीं तेवढेंच पडतें. तेंच धान्य घातल्यास तेंच पीठ पडतें. आणि शंभर ग्रंथांतील एक स्वल्पविराम जरी हालविला तरी पीठ ओळखूं येणार नाहीं इतकें पालटतें. या पिठाला हॅश म्हणतात. मीं त्यास ठसा म्हणेन, कारण अंगठ्याच्या ठशाप्रमाणें तो लहान असून एकाच वस्तूकडे बोट दाखवितो.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील प्राध्यापक रॉनल्ड रिव्हेस्ट यांनीं १९९१ सालीं रचलेली ‘एमडी-५’ ही रीत एप्रिल १९९२ मध्यें प्रसिद्ध झाली. तिचा ठसा बत्तीस चिन्हांचा असे. १९९५ सालीं अमेरिकन सरकारनें मान्य केलेल्या ‘एसएचए-१’ या रीतीचा ठसा चाळीस चिन्हांचा, आणि २००२ सालीं प्रमाण ठरलेल्या ‘एसएचए-२५६’ चा चौसष्ट चिन्हांचा. माझ्या भाच्यानें दुर्लक्षिलेली ओळ ती हीच. अशा निरनिराळ्या ठशांची संख्या लिहावयाची झाल्यास अठ्ठ्याहत्तर आंकडे मांडावे लागतील.

ठसा हा वस्तूचा, माणसाचा नव्हे. ती वस्तु कोणी दिली हें सांगण्यासाठीं सहीची जरूर असते, आणि त्याचीहि कल्पना १९७६ च्या त्या निबंधांत होती. कर्त्याजवळ दोन किल्ल्या असतात: एक गुप्त, एक सर्वांस वाटून दिलेली. गुप्त किल्लीनें त्यानें ठशावर केलेली सही वाटलेल्या किल्लीनें कोणासहि तपासतां येते, परंतु गुप्त किल्लीवांचून ती कोणास करतां येत नाहीं. फिल झिमरमन यांनीं १९९१ सालीं ‘पीजीपी’ नांवाचा प्रोग्राम मोफत वाटून हें साधन सामान्य माणसाच्या हातीं दिलें. म्हणजे विसावें शतक संपण्यापूर्वींच शिक्का व मोर्तब या दोहोंची गणिती आवृत्ति तयार होती. पुढें तिचें काय झालें?

(४)

याचें उत्तर तीन चोऱ्यांत सांपडतें.

पहिली चोरी २००२ च्या जुलैअखेरची. दूरच्या संगणकांत सुरक्षितपणें प्रवेश करण्यासाठीं जगभर वापरला जाणारा ‘ओपनएसएसएच’ हा प्रोग्राम ज्या मूळ सर्व्हरवरून वांटला जाई, तेथेंच कोणीं तरी शिरून त्याचा गठ्ठा बदलला. नवा गठ्ठा संगणकावर बांधावयास घेतला कीं तो गुपचूप एका परक्या यंत्राशीं संधान बांधून त्याच्या आज्ञा पाळूं लागे. घराचें कुलूप बनविणाऱ्याच्याच दुकानांत चोर शिरावा तशी ही गोष्ट. परंतु ‘फ्रीबीएसडी’ नांवाच्या दुसऱ्या एका प्रणालीच्या मंडळींची अशी रीत होती कीं, प्रत्येक गठ्ठ्याचा ठसा आपल्या दप्तरांत आधींच नोंदून ठेवावयाचा, आणि कोणींहि तो गठ्ठा उतरवून घेतला कीं यंत्रानें आपण होऊन नोंदीशीं ताडून पाहावयाचें. ठसा जुळेना. बोभाटा झाला, आणि १ ऑगस्ट रोजीं खरा गठ्ठा परत जागेवर आला. चोरी दीड-दोन दिवस टिकली.

दोन महिन्यांनीं दुसऱ्या एका दुकानीं तोच प्रकार घडला. विद्युत्-टपाल पोंचविणाऱ्या ‘सेंडमेल’ या प्रोग्रामचा दूषित गठ्ठा २८ सप्टेंबरपासून ६ ऑक्टोबरपर्यंत वांटला जात होता. कर्त्यांची खरी सही उपलब्ध होती, आणि ती या गठ्ठ्याशीं जुळत नव्हती. जो तपासील त्याला पहिल्याच दिवशीं कळलें असतें. तरी आठ दिवस गेले. ही मीं पहिलीचीच पुरवणी समजतों.

दुसरी चोरी नोव्हेंबर २००९ ची. मित्रमंडळींनीं गप्पा माराव्यात यासाठीं सर्व्हर चालविण्याचा ‘अनरियल-आयआरसीडी’ नांवाचा एक मोफत प्रोग्राम आहे. त्याच्या वांटपाच्या कांहीं ठिकाणीं मूळ गठ्ठा काढून चोरदार असलेला गठ्ठा ठेवण्यांत आला. तो उघडकीस आला १२ जून २०१० रोजीं! सात महिने लोक तो बिनधास्त उतरवून घेत होते. पुढें कर्त्यांनीं गठ्ठ्यांवर सही करण्याची प्रथा पुन्हां सुरू करण्याचें जाहीर केलें. पण त्याच निवेदनांत, प्रत्यक्षांत फारच थोडे लोक फाईल तपासून पाहतात, अशी प्रांजळ कबुलीहि दिली. माझ्या भाच्यानें वेगळें काय सांगितलें होतें?

दीड-दोन दिवस, आठ दिवस, सात महिने. या तिन्ही वेळीं ठशाचें गणित निर्दोष होतें. फरक होता तो पाहणाऱ्यांत. पहिल्या प्रसंगीं पाहण्याचें काम कोणाच्या मर्जीवर सोपविलेलें नव्हतें. तें नित्यकर्म होतें. दुसऱ्या प्रसंगीं तें ज्याच्या-त्याच्या उत्साहावर होतें. तिसऱ्या प्रसंगीं तर त्याची सोयच मोडीत निघालेली होती.

तिसरी चोरी या सर्वांहून शिकविणारी आहे. २० फेब्रुवारी २०१६ रोजीं ‘लिनक्स मिंट’ या लोकप्रिय प्रणालीचें संकेतस्थळ फोडण्यांत आलें, आणि उतरवून घेण्याच्या दुव्यावर टिचकी मारणारे लोक नकळत बल्गेरियांतील एका सर्व्हरवरची दूषित प्रत घेऊं लागले. येथें चोरानें आणखी एक चलाखी केली. शेजारीं छापलेला खरा ठसा पुसून त्याजागीं आपल्या खोट्या प्रतीचा ठसा त्यानें लावला. ठसा ताडून पाहणाऱ्या दक्ष माणसालाहि ‘जुळतो’ असेंच उत्तर मिळावें! आणि वर, हें तपासतो तरी कोण, अशी शेखी त्यानें एका बातमीदाराजवळ मिरविली.

या प्रसंगानें ठशाचें मर्म उघड होतें. माल आणि मालाचा दाखला एकाच गाडींतून आले, तर ती गाडी लुटणारा दोन्ही बदलतो. साक्षीदार दोन हवेत इतकेंच पुरत नाहीं. ते दोन वाटांनीं आलेले हवेत. ‘फ्रीबीएसडी’च्या दप्तरांतील नोंद उपयोगी पडली ती अशासाठीं कीं, ती चोरीच्या आधींची होती आणि चोराच्या हातापासून दूर होती. जुन्या कागदांच्या बाबतींत आम्ही एका दप्तरांतील कागद दुसऱ्या दप्तरांतील स्वतंत्र उल्लेखाशीं ताडून पाहतों, तें याच न्यायानें.

(५)

ठसा स्वतः किती भरंवशाचा, याचाहि येथें थोडक्यांत परामर्श घेतला पाहिजे. ऑगस्ट २००४ मध्यें चीनमधील शांडोंग विद्यापीठांतील विदुषी वांग शाओयुन व त्यांचे सहकारी यांनीं ‘एमडी-५’ चे एकसारखे ठसे देणाऱ्या दोन भिन्न वस्तूंच्या जोड्या कॅलिफोर्नियांतील एका परिषदेंत मांडल्या, आणि श्रोत्यांनीं त्यांचें टाळ्यांनीं स्वागत केलें. डिसेंबर २००८ मध्यें कांहीं संशोधकांनीं या दोषाचा उपयोग करून, संकेतस्थळांना ओळखपत्रें देणाऱ्या संस्थेचें खोटें अधिकारपत्र बनवून दाखविलें. त्यासाठीं लागलेलें प्रचंड गणित त्यांनीं कोणत्या यंत्रांवर केलें असेल? मुलांच्या खेळण्याच्या सुमारें दोनशें ‘प्लेस्टेशन-३’ यंत्रांवर! २०१२ सालीं उघडकीस आलेल्या ‘फ्लेम’ नांवाच्या हेरप्रोग्रामनें याच जातीच्या युक्तीनें मायक्रोसॉफ्टच्या सहीचें सोंग आणलें होतें. पुढें २३ फेब्रुवारी २०१७ रोजीं गूगल कंपनी व ॲमस्टरडॅम येथील गणितसंस्था यांनीं ‘एसएचए-१’ चीहि तीच गत करून दाखविली.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. सारख्या ठशाच्या दोन वस्तु आपण स्वतः जोडीनें घडविणें ही एक गोष्ट. दुसऱ्यानें आधींच घडविलेल्या वस्तूशीं जुळेल अशी बनावट वस्तु तयार करणें ही फार अवघड अशी दुसरी गोष्ट. ती ‘एमडी-५’ च्याहि बाबतींत व्यवहारांत कोणास साधल्याचें जाहीर नाहीं. तथापि ज्या भिंतीला तडा गेला तिच्यावर नवा मजला कोणी चढवीत नाहीं. म्हणून शहाणे लोक ‘एसएचए-२५६’ कडे वळले. ती भिंत आजवर अभंग आहे.

(६)

आतां पुन्हां मुलांच्या खेळाकडे वळूं. कारण ठसा कोठें थांबतो हें तेथेंच चांगलें दिसतें.

डिसेंबर २०२१ मध्यें असें आढळलें कीं, ‘माइनक्राफ्ट’च्या सर्व्हरवर एखाद्या खेळाडूनें गप्पांच्या चौकटींत एक विशिष्ट मजकूर लिहिला, तर सर्व्हर परक्याच्या आज्ञा पाळूं लागतो. दोष त्यांतील ‘लॉग-फोर-जे’ या नोंदी ठेवणाऱ्या भागांत होता, आणि तो २०१३ पासून तेथें होता. या सर्व्हरचा गठ्ठा अस्सल, ठसा बरोबर. परंतु अस्सल मालच सदोष होता. ठसा वाटेची ग्वाही देतो, मालाच्या गुणाची नाहीं.

जून २०२३ मधील प्रकार याहून वाईट. या खेळांत नवीं अवजारें, नवे प्राणी, नवे नियम घालणाऱ्या जोडण्या अनेक हौशी लोक तयार करतात, व त्या ठराविक संकेतस्थळांवरून वांटल्या जातात. त्यांपैकीं कांहीं कर्त्यांचीं खातीं चोरांनीं बळकावलीं, आणि त्यांच्याच नांवानें दूषित जोडण्या चढविल्या. ‘फ्रॅक्चरायझर’ हें त्या विषाचें नांव. खेळाडूंचे परवलीचे शब्द वगैरे तें चोरी, आणि त्या संगणकावरील इतर जोडण्यांतहि शिरे. येथें संकेतस्थळ खरें, खातें खरें, ठसा खरा. खोटा होता तो केवळ चढविणारा हात.

हा धोका कोणाच्याच ध्यानीं आला नव्हता असें मात्र नव्हे. युनिक्स प्रणालीचे एक जनक केन टॉम्प्सन यांनीं ट्यूरिंग पारितोषिक स्वीकारतांना केलेलें भाषण ऑगस्ट १९८४ मध्यें छापून आलें. प्रोग्रामची मूळ संहिता वाचून ती निर्दोष आहे असें ठरविलें, तरी तिचें यंत्रभाषेंत रूपांतर करणारा प्रोग्रामच जर भ्रष्ट असेल, तर निघणारी वस्तु भ्रष्टच निघेल, आणि संहितेंत त्याचा मागमूसहि राहणार नाहीं, हें त्यांनीं दाखवून दिलें. जें सर्वस्वीं आपण स्वतः घडविलेलें नाहीं, त्याच्याबाबतींत शेवटीं माणसावर विश्वास टाकावाच लागतो, हा त्यांचा निष्कर्ष.

चाळीस वर्षांनीं त्याचा प्रत्यय आला. २९ मार्च २०२४ रोजीं अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानें जाहीर केलें कीं, फाईली दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या मोफत साधनांत चोरदार आहे. आपल्या संगणकांत प्रवेश करण्यास नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्यावरून त्यानें माग काढला होता. तें दार बसविणाऱ्यानें एका टोपणनांवाखालीं दोन-अडीच वर्षें इमानेंइतबारें काम करून मूळ कर्त्याचा विश्वास संपादन केला होता. गठ्ठा त्यानेंच बांधला, सही त्यानेंच केली, आणि ती अगदीं खरी होती. मात्र त्यानें वांटलेल्या गठ्ठ्यांत अशी एक गोष्ट होती, जी सर्वांच्या डोळ्यांपुढें असलेल्या मूळ संहितेंत नव्हती. दोन्ही समोरासमोर धरून पाहणारा कोणी असता, तर ती दिसली असती. एकाच संहितेपासून निरनिराळ्या माणसांनीं निरनिराळ्या ठिकाणीं गठ्ठे बांधावेत, आणि ते अक्षरशः सारखे निघतात कीं नाहीं तें पाहावें, असा जो उपक्रम ‘डेबियन’ प्रणालीची मंडळी २०१३ पासून चालवीत आहेत, त्याचें मोल अशा प्रसंगीं कळतें. तेथेंहि तत्त्व तेंच: दोन साक्षी, दोन वाटा.

(७)

या साऱ्या इतिहासाचें तात्पर्य काय? ठसा खोटें बोलत नाहीं; पण त्याला जेवढें विचारावें तेवढेंच तो सांगतो. ‘ही वस्तु तीच आहे काय?’ याचें उत्तर त्याच्यापाशीं आहे. ‘ती चांगली आहे काय?’ आणि ‘देणारा भला आहे काय?’ हे प्रश्न त्याच्या अधिकाराबाहेरचे. या मर्यादेमुळें त्याला निरुपयोगी म्हणणें मात्र चुकीचें होईल. न्यायाधीश साक्षीदाराला त्यानें पाहिलें तेवढेंच विचारतो, आणि तरीहि त्याच्यावांचून खटला चालत नाहीं. आम्हीं सांगितलेल्या चोऱ्यांपैकीं अर्ध्या तरी या साध्या साक्षीनेंच पकडल्या जाण्यासारख्या होत्या; साक्षीदार दाराशीं उभा होता, त्याला कोणीं हांक मारली नाहीं.

त्या संध्याकाळीं मीं भाच्याला खेळ बंद करावयास लावला. तो जरा रुसलाच. संगणकाला एक ओळीची आज्ञा दिली कीं तो कोणत्याहि फाईलचा ठसा काढून देतो. त्याला अर्धें मिनिटहि लागलें नाहीं. तो पानावरील ओळीशीं जुळला. “झालें ना, मामा?” “नाहीं,” मीं म्हटलें, “दोन्ही एकाच पानावरून आलीं आहेत.” तेव्हां त्यानें नागपूरच्या आपल्या मित्राला फोन केला. त्या मुलानें हीच आवृत्ति तीन आठवड्यांपूर्वीं उतरवून घेतली होती. त्यानें आपल्या फाईलचा ठसा काढला, आणि चौसष्टच्या चौसष्ट चिन्हें तिकडून एकानें वाचावींत व इकडून दुसऱ्यानें ताडावींत असा कार्यक्रम सुरू झाला. पाढे म्हटल्यासारखा त्यांचा तो आवाज माजघरापर्यंत ऐकूं येत होता. मधें एकदां एक चिन्ह चुकलें आणि दोघेहि घाबरले. पण ती वाचणाऱ्याची चूक निघाली.

मग खेळ सुरू झाला. सुट्टी संपून भाचा परत गेला आहे, परंतु परवा त्याच्या आईचें पत्र आलें. तींत तिनें लिहिलें आहे कीं, नवी आवृत्ति निघाली कीं हीं पांचहि मुलें आतां आधीं एकमेकांना ठसे वाचून दाखवितात, आणि त्यांत सर्वांत अगोदर कोणी वाचावें यावरून भांडतात.